तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत

आदरणीय साहेब,

नाव लिहू नका असं तुम्ही म्हणाला होता, म्हणून लिहीत नाही. नागपुरात, बँकेच्या सीताबर्डी शाखेत, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, प्लास्टिकची फाइल छातीशी धरून एक बाई तुमच्या टेबलासमोर उभी होती. ती मी. तुमच्याकडे दिवसाला अशा किती बाया येत असतील. पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

गाडी ह्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये घेतली. कर्ज ७ लाख २० हजारांचं, मुदत सात वर्षांची, महिन्याचा हप्ता ११,७६८ रुपये. हे बुटीबोरीला कंपनीत होते, पगार वेळेवर होता, तेव्हा हप्ता जड वाटला नाही. शोरूममधला मुलगा म्हणाला, "वहिनी, इथं तुमची एक सही लागते, फॉर्मॅलिटी आहे." मी उभ्या उभ्या सही केली. त्या सहीने मी सहकर्जदार झाले, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

२०२५ ची संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. हे दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा. मेडिकल हॉस्पिटलात बावीस दिवस काढले. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. नोकरी त्यामागोमाग गेली. माझे नंदनवन भागातल्या पोरांचे जेवणाचे डबे चालतात, त्यातून घरखर्च आणि औषधं कशीबशी निघतात. हप्ता कुठून काढायचा? फेब्रुवारीचा चुकला, मार्चचा चुकला, एप्रिलचाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन वेळा बँकेत आले होते, साहेब. पहिल्यांदा सांगितलं, वसुली इथून होत नाही, कॉल सेंटरला फोन करा. तिकडे एक बाई हिंदीत एकच वाक्य म्हणत राहिली, "पेमेंट कब करेंगे?" दुसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते, ते दीड तास आले नाहीत. तिसऱ्यांदा ज्यांनी ऐकून घेतलं त्यांनी स्क्रीनकडे बघत एक आकडा सांगितला आणि म्हणाले, "एवढे भरा, नाहीतर गाडी उचलतील." आकडा कशाचा, किती हप्त्यांचा, किती दंडाचा, विचारलं तर म्हणाले, "सिस्टिममध्ये आहे."

आणि घरी वसुलीची ती दोन माणसं. रात्री नऊला यायची, फाटकाशी उभी राहून ह्यांचं नाव घेऊन ओरडायची. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं "बुडवे" म्हणायची. आत पलंगावर हे सगळं ऐकत पडलेले असायचे. उत्तर द्यायला तोंड उघडायचे, पण शब्द निघायचा नाही. डोळ्यांतून पाणी यायचं ते डाव्या हाताने पुसायचे. गाडी गेली असती तरी मला चाललं असतं. ती एक शिवी मात्र माझ्याने ऐकवत नव्हती.

म्हणून त्या दुपारी तुमच्यासमोर आले तेव्हा मी खरं म्हणजे भांडायच्या तयारीत होते. तुम्ही "बसा ताई" म्हणालात. मग माझी फाइल न उघडताच उठलात. टेबलावरचं स्टॅम्पपॅड आणि रजिस्टर बाजूला सरकवलंत, मागची वायर ओढून सैल केलीत आणि संगणकाची स्क्रीन उचलून माझ्याकडे वळवलीत. मी पिशवीत चष्मा शोधत होते, ते बघून अक्षरं मोठी केलीत.

एवढंच. पण तीन महिन्यांत पहिल्यांदाच आमचं खातं मला दिसलं.

मग पेनाच्या टोपणाने तुम्ही एकेक ओळ खाली येत गेलात. ५ मार्च २०२२, भरला. ५ एप्रिल, भरला. ५ मे, भरला. ५ जानेवारी २०२५ पर्यंत ३५ हप्ते, सगळे ५ तारखेला. तिथे टोपण थांबवून तुम्ही म्हणालात, "ताई, ह्या माणसाने एक दिवस उशीर केलेला नाही. ह्याला बुडवे कोण म्हणतं?"

मी तिथेच रडले. तुम्ही पाणी मागवलंत आणि मी सावरेपर्यंत गप्प बसलात.

बाकीचं तुम्ही जे केलंत ते तुमच्या दृष्टीने कामच असेल. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या दिवसानंतर ती माणसं दारात आली नाहीत. दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत आणि दोनदा लागलेला एक चार्ज काढून टाकलात. बँकेने तक्रार ऐकली नाही तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत, असं म्हणून १४४४८ हा नंबर कागदावर लिहून दिलात. स्वतःच्याच बँकेविरुद्ध तक्रार कुठे करायची ते लिहून देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आणि खोटी आशा लावली नाहीत. मुदत वाढवून हप्ता कमी होईल, पण व्याज वाढेल आणि तुमचे डबे तेवढं ओढणार नाहीत, हे तोंडावर सांगितलंत. पहिला हप्ता चुकल्यापासून ९० दिवस उलटायच्या आत गाडी स्वतः विका, उचलून लिलावात गेली तर भाव पडेल आणि फरक तुमच्याच डोक्यावर बसेल, असं म्हणालात. ऐकलं मी. गाडी ४ लाख ६० हजारांना गेली. वरचे ३३ हजार भिशीतून उचलले, ते अजून फेडते आहे. पण बँकेचं पान कोरं झालं.

माणुसकी म्हणजे काहीतरी मोठं, पदरमोड करून केलेलं, असं मला वाटायचं. तुमच्या खिशातून एक रुपया गेला नाही, नियमही तुम्ही कुठे वाकवला नाही. तीच खुर्ची, तीच सिस्टिम तुमच्या आधीच्या साहेबांपुढेही होती. त्यांनाही वायर ओढता आली असती. मेडिकलच्या वॉर्डात एक सिस्टर होती, ती ह्यांना इंजेक्शन देण्याआधी "देऊ का?" विचारायची, उत्तर येणार नाही हे माहीत असूनही. अशा माणसांमुळे आम्ही हे वर्ष तरून गेलो, साहेब. तुमच्या घरी जे कोणी वडीलधारे असतील त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तुम्हाला फार चांगलं वाढवलंय.

निघताना त्या ३५ ओळींचा कागद तुम्ही छापून दिला होतात. मागितला नव्हता मी. घरी आल्यावर ह्यांच्या उशाशी बसून मी तो वाचून दाखवला, एकेक तारीख, तुम्ही वाचली तशी. आठ-दहा ओळी झाल्या असतील. मी महिना म्हणायच्या आधीच हे डावा पंजा वर करून पाच बोटं दाखवायला लागले. शेवटच्या ओळीपर्यंत दाखवत राहिले.

तो कागद आता देवघराच्या खणात आहे.

तुमची,
मानेवाड्याची डबेवाली ताई