आशाताई, तुमचे आभार

आशाताई, नमस्कार.

गावाचं आणि तुमच्या आधारानं आपलं बाळ रीतसर बाल कल्याण समितीकडे सोपवलेल्या त्या पोरीचं नाव या पत्रात नाही. तुम्ही जपलेलं आम्ही कशाला फोडायचं? अशा बाळाची ओळख छापणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हाही आहे.

सातव्या महिन्यात तुम्ही तिला सांगितलं, "बाळ नको वाटणं गुन्हा नाही. त्याला पऱ्हाटीच्या धुऱ्यावर टाकणं गुन्हा आहे." टाकून दिलं तर भारतीय न्याय संहितेचं (फौजदारी कायद्याचं) कलम ९३, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. तेच बाळ बाल कल्याण समितीपुढे नेलं तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३५ खाली समर्पण, म्हणजे कायद्यानं सोपवणं. समुपदेशन होतं, चौकशी होते, मग समर्पणपत्र. लग्न झालेलं नसेल तर एकट्या आईची सही चालते, जोडपं असेल तर दोघांची लागते. वर फेरविचाराला २ महिने. ती सज्ञान आहे हेही तुम्ही आधीच कागदावर पाहिलं. अठराच्या आतली असती तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवणं भागच होतं.

घरी चोरून बाळंतपण तुम्ही होऊ दिलं नाही. पुसातल्या थंडीत ओलं बाळ बघता बघता गार पडतं. आणि बाळ मेलेलं जन्मलं तरी गुपचूप पुरणं हा न्याय संहितेच्या कलम ९४ चा गुन्हा.

दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, "द्यायचंच आहे तर पाजू नको, जीव गुंतेल." तुम्ही बाळ पुसून, टोपडं घालून तिच्या उघड्या छातीशी ठेवलं आणि पहिल्या तासातच चिकाचं दूध पाजवलं. बरोबर केलंत. वाढवायचं की नाही हे तिनं ठरवावं; पण बाळ जिवंत, उबेत, नोंदीसकट दुसऱ्या हाती पोचवणं तिला चुकत नाही.

बाळ परस्पर न्यायला बाँड पेपर आणि 'खर्चाचे पैसे' घेऊन आलेल्या पाहुण्याला वाटेला लावून १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन केलात. त्याला ठाऊक नसावं, मूल विकत घेणं-देणं म्हणजे ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड. दवाखान्यातला कुणी सामील असता तर त्याला ३ ते ७ वर्षं.

बाळ दिल्यावरही तुम्ही तिच्या दारी गेलात. ताप, टाके, अंगावरून जाणं विचारलंत. दूध दाटलं तेव्हा थोडं पिळून काढायला शिकवलंत. बाळंतीण तीही होतीच, हे बाकी सारे विसरले होते.

२ महिने अजून पुरे व्हायचे आहेत. तोवर तिला कुणी काही विचारायचं नाही, असं बायांना तुम्ही दटावलंत, त्याचेही आभार.

तुमची,
ग्राम बाल संरक्षण समितीतली मंडळी