आधी ओढे, मग ऊद

महोदय,

'मुठेत पुन्हा ऊद बागडतील' हा पाणमांजरांवरचा, म्हणजे उदांवरचा, कालच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात, अभिनंदन. ऊद बागडतील, जरूर बागडतील. फक्त येताना शिडी बरोबर आणा, असं त्यांना कळवावं.

आमच्या सोसायटीच्या मागून ओढा जातो. गटार म्हणा, आम्हीही म्हणतो. पण त्याला काठ होता. वाळुंज, करंज, एक तिरका उंबर आणि मातीत खंड्याची बिळं. नालेसफाईला म्हणून आलेल्या पोकलेननं काठच उचलून नेला आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच, सरळसोट काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. साइटवरच्या साहेबांना मी विचारलं, आत पडलेलं जनावर वर कसं येणार? म्हणाले, "मॅडम, इथं कुठली आलीत जनावरं?"

त्याच पावसाळ्यात एक घोरपड आत पडली. चिखलानं बुळबुळीत झालेल्या भिंतीला नखं लावायची, घसरायची, पुन्हा लावायची. दंतकथेत का होईना, सिंहगडाचा कडा चढलेली जात ती! तिलाही हे बांधकाम झेपलं नाही. हेल्पलाइनवर एकानं वॉर्ड विचारला, दुसऱ्यानं 'विषारी आहे का' विचारलं. शेवटी आमच्या वॉचमननं जिन्याखालचं मोडकं दार तिरकं सोडलं, तेव्हा बाई वर आल्या. माझ्या तक्रारीपुढे मात्र अॅपवर 'निराकरण झाले' असं झळकलं. कुणी केलं ते वॉचमनला विचारा. आता त्याच भिंतीवर गॉगल घातलेला ऊद रंगवलाय आणि खाली लिहिलंय, 'चला, नदी वाचवूया'.

लेखकानं सिंगापूरचा दाखला दिला, पण सोयीपुरता. तिथं नदीची सफाई 1977 साली सुरू झाली आणि दहा वर्षं चालली. काठची डुकरं-बदकं पाळणारी फार्म हलवली. पुढे बिशान पार्कात कलांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून माती, दगड, झाडोऱ्याची 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. ते झालं 2012 ला आणि तिथल्या प्रसिद्ध ऊद कुटुंबाचा बोलबाला त्यानंतरचा. तिथले ऊद काँक्रीटच्या नाल्यांतूनही फिरतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या नाल्यांत मासे आहेत. आपल्याकडे तिलापिया आणि मांगूर हे चिवट मासे तेवढे तगून आहेत, बाकी जलपर्णी.

बरं, ऊद येणार कुठून? 2024 मध्ये इंदापुरात एक सापडला होता. समजा उजनीकडून एखादा भीमेतून वर निघाला. रांजणगाव सांडसला मुळा-मुठेचा संगम लागेल आणि तिथून पुण्याचं पाणी सुरू होईल. तो शहाणा असेल तर तिथूनच मागे फिरेल. मैलापाणी शुद्ध करणारी सगळी केंद्रं पूर्ण क्षमतेनं चालवणं आणि ओढ्यांना माती-मुळांचा काठ परत देणं, ही दोन कामं आधी करा. 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुशोभीकरणातली बाकं आणि जॉगिंग ट्रॅक मागून येऊ देत. उदाला बीळ करायला मुळं आणि कपारी लागतात, त्याला सेल्फी पॉइंट लागत नाही. भिंतीमुळे पूर अडतो म्हणणाऱ्यांनी 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीचा आंबील ओढा आठवावा. सोसायट्यांच्या सीमाभिंती त्यानं कशा पाडल्या, ते सगळ्यांनी पाहिलंय.

आणि हो, लेखासोबत छापलेला फोटो पाणमांजराचा नव्हता. वल्ह्यासारखी चपटी शेपटी आणि पुढे आलेले पिवळे दात असलेला तो प्राणी बीव्हर. तो झाडं कुरतडतो, मासे खात नाही आणि भारतात आढळतही नाही. सातवीतला मुलगा हे सांगू शकेल, निदान माझ्या वर्गातला तरी सांगायचा. फोटो निवडणाऱ्यांना माझा नमस्कार कळवा.

मागच्या खेपेला माझ्या पत्रातला तक्रारीचा परिच्छेद जागेअभावी गळला आणि अभिनंदनाचं वाक्य तेवढं छापून आलं. या वेळी जागा कमी पडली तर उलट करावं, ही विनंती.

एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, पुणे
(नाव छापू नये, सोसायटीचे सेक्रेटरी तुमचाच पेपर घेतात.)