परदेशी गेलेल्या मुलापासून घरची बातमी लपवू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुलै-ऑगस्ट उजाडला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या सत्काराच्या बातम्या येऊ लागतात. शाल, श्रीफळ, पेढा भरवणारे आजोबा आणि मागे दाटीवाटीने उभे राहिलेले ग्रामपंचायत सदस्य, असे ते छायाचित्र असते. मला या बातम्या आवडतात. कास्तकाराच्या घरचे पोर एवढ्या लांब शिकायला निघाले म्हटल्यावर कोणाला आवडणार नाहीत? परंतु विमान उडाल्यानंतरची दोन-तीन वर्षे ते घर आणि ते पोर एकमेकांशी काय बोलतात आणि काय बोलायचे टाळतात, याविषयी कोठे काही छापून येत नाही. मी दारव्हा तालुक्यातील एक सेवानिवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आहे. अर्ज भरून घ्यायला किंवा बँकेचे इंग्रजी पत्र वाचून घ्यायला मंडळी अजूनही गुरुजींकडेच येतात, त्यामुळे अशी बरीच घरे मी जवळून पाहतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे संपर्काची साधने उदंड झाली, पण घरची वाईट बातमी मुलापासून लपवण्याची खोड काही गेली नाही, आणि ती खोड ना मुलाच्या हिताची आहे ना घराच्या.

परदेशी शिक्षण ही पूर्वी फक्त मोठ्या घरची गोष्ट होती, असे सर्रास म्हटले जाते; ते पूर्ण खरे नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळसारख्या खेड्यात जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये शिकले. त्या काळी पत्र बोटीने जात असे आणि उत्तर हाती पडेपर्यंत महिना-दीड महिना सहज लोटत असे. आज फरक एवढाच की अशा मुलांची संख्या वाढली आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना बाहेर पाठवते आहे, जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसल्यामुळे अभियांत्रिकीची मुले तिकडे वळली आहेत, आणि वैद्यकीय प्रवेशासाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान ही नावे आता आमच्याकडच्या आठवडी बाजारातसुद्धा ऐकू येतात.

एवढे असूनही बोलणे सोपे झालेले नाही. माझा पुतण्या जर्मनीत आहे. तेथील घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथे घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. मुलगा सायंकाळी सहाला प्रयोगशाळेतून मोकळा होतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि दिवसभर कापूस वेचून आलेली त्याची आई नऊलाच आडवी झालेली असते. घड्याळाचा हा हिशेब ज्या घराला कोणी समजावून सांगितलेला नसतो, त्या घरात दिवाळीच्या सुमारास ‘पोरगं बदललं, आता फोनही उशिरा करते’ अशी कुरबूर सुरू होते. बरे, फोन लागला तरी तो आईचा राहत नाही. तो स्पीकरवर टाकला जातो, अंगणात चुलते, मावशी, शेजारचा बबन अशी सगळी जमा होतात, कोणी तिकडच्या मोबाइलचा भाव विचारतो, कोणी बर्फ दाखव म्हणतो. आईच्या हातात फोन येतो तेव्हा ती तो कानाशी धरल्यासारखा तिरपा धरते, आणि मुलाला पडद्यावर आई दिसत नाही, घराचे टिन आणि त्याला टांगलेला बल्ब दिसतो. तेवढ्यात ‘जेवला का रे बापा?’ एवढेच विचारून होते. ज्याला आईशी दोन शब्द एकांतात बोलायचे आहेत, त्याने ते कसे बोलावे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या परिसरातील एका घरी आजोबा वारले. नातू परदेशात होता आणि त्याची सत्र परीक्षा सुरू होती. पेपर संपेपर्यंत त्याला कळू द्यायचे नाही, असे घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले. त्याचा फोन आला की कधी ‘आबा वावरात गेले’, कधी ‘आबा झोपले’ असे सांगण्यात येऊ लागले. पण गावातल्या एका चुलतभावाने फेटा घातलेल्या आबांचे छायाचित्र, बाजूला दोन समया आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अशी मोठी अक्षरे असलेले चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावले, आणि नातवाला ती बातमी परक्या शहरात बसची वाट पाहत असताना कळली. आजोबा गेल्याचे दुःख त्याने सोसले. त्यांचे वय झालेच होते. ‘आबा झोपले’ हे वाक्य आईने किती सहज म्हटले, ते मात्र त्याच्या मनातून जात नाही. तेव्हापासून घरी फोन केला की तो आधी सगळ्यांना एकेक करून पडद्यासमोर यायला सांगतो. आजी शेजारी गेली असली तर तिला बोलावून आणेपर्यंत त्याला दम निघत नाही.

घरच्यांची बाजू मला समजते. पोर एकटे आहे, जवळ रडायला कोणी नाही, परीक्षा बुडाली तर कर्ज काढून मिळवलेले वर्ष वाया जाईल, ही भीती खोटी नाही. पण मोबाइलच्या जमान्यात बातमी दाबून ठेवता येते हा समज मात्र खोटा आहे. ती त्याला कळणारच असते. घरच्यांच्या तोंडून कळावी की परक्याच्या स्टेटसवरून, एवढेच आपल्या हाती उरते. शिवाय परीक्षा द्यायची की घरी यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलाचा आहे. फ्रँकफर्टहून मुंबई, तेथून नागपूर आणि पुढे गाडीने गाव, असा प्रवास करून तो अंत्यविधीला पोहोचणार नाही हे उघड आहे, पण तिकीट मिळाले तर तेरवीला पोहोचू शकतो, आणि नाही आला तरी तो निर्णय त्याचा स्वतःचा राहतो. माझे एवढेच म्हणणे आहे की अशी बातमी सांगण्याचे काम घरातल्या एकाच समजूतदार माणसाकडे आधीपासून दिलेले असावे. त्याने फोनवर प्रथम तू कोठे आहेस, सोबत कोण आहे हे विचारावे. शक्य असल्यास खोलीतल्या सोबत्याला अगोदर कळवावे. आणि मग आडवळण न घेता सांगावे. त्याआधी गावातल्या पोरांना स्टेटस लावू नका म्हणून बजावावे, हे वेगळे सांगायला नकोच.

आजार आणि मरण यांच्याइतकीच लपवली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारात माल त्याहून कमी भावाने विकावा लागला, हे सारा गाव जाणतो. फक्त ज्याच्या शिक्षणासाठी वावर गहाण पडले त्या मुलाला ते सांगितले जात नाही. ‘इकडचं टेन्शन घेऊ नको, तू तुया अभ्यासाकडं पाह्य’, हे आमच्याकडचे ठरलेले वाक्य. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका खास खात्यात आधी ठेवावे लागतात आणि तेथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात येतात. ती रक्कम घराने कोठून उभी केली, त्यावर व्याज किती चढते आणि हप्ता कधी सुरू होतो, हे मुलाला आकड्यानिशी ठाऊक असले पाहिजे. यावर एका पालकाने मला सांगितले की, गुरुजी, असे सांगितले तर पोर अभ्यास सोडून हॉटेलात भांडी घासत बसेल. हा आक्षेप वजनदार आहे. तेथे विद्यार्थ्याला वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि घराच्या काळजीने पोर त्यातच अडकू शकते. परंतु अर्धवट बातम्यांवरून मनाशी तर्क लढवत बसणारे मूल अधिक घाबरते, असा माझा अनुभव आहे. रडगाणे गाऊ नये, आकडा सांगावा. आकडा कळला की वीस-बावीस वर्षांची मुले बहुधा आपल्यापेक्षा शांतपणे हिशेब करतात.

मुलेही काही कमी लपवत नाहीत. पेपर राहिला, खोली सोडावी लागली, काम सुटले, आठवडाभर कोणाशी मराठीत बोलणे झाले नाही, यातले घरी काहीच कळवले जात नाही. यात थोडा दोष आम्हा गावकऱ्यांचा आणि, क्षमा असावी, थोडा आपल्या दैनिकाचाही आहे. ज्या पोराचा फ्लेक्स बसस्टँडवर लागला आणि ज्याचे छायाचित्र पेपरात आले, त्याने नापास झाल्याचे कोणत्या तोंडाने सांगावे? घरच्यांनी निघण्याआधीच त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे की, एखादे सत्र गेले तरी चालेल, पण आम्हाला ते दुसऱ्याकडून कळता कामा नये.

काळजी एकाच बाजूने वाहते, हाही आपला एक गैरसमज आहे. २२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर माणसे पुरात अडकली, तेव्हा बाहेर असलेल्या मुलांनी पुराच्या चित्रफिती आपल्याआधी पाहिल्या आणि इकडे गावोगावचे फोन ‘नॉट रिचेबल’ होते. आमच्या गावातील टॉवरची तीच कथा आहे. वीज गेली की थोड्या वेळात त्याची बॅटरी बसते आणि मग रेंज धरायला मारुतीच्या ओट्यावर किंवा फाट्यावर जावे लागते. कंपनीकडे तक्रारी झाल्या, उत्तरेही आली, रेंज आली नाही. मेळघाट आणि भामरागडकडच्या कित्येक गावांची स्थिती तर याहून बिकट आहे. म्हणून प्रत्येक मुलाकडे घराबाहेरच्या एका माणसाचा क्रमांक असावा, शक्यतो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याचा, आणि तो क्रमांक वेगळ्या कंपनीचा असावा.

घरच्यांकडे काय असावे, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने शिकवले. तेथे अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याच्या ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेच्या वेळी जिल्हाधिकारी कार्यालये विद्यार्थ्यांची माहिती गोळा करू लागली. पासपोर्टची प्रत, वसतिगृहाचा पत्ता, विद्यापीठाचा दूरध्वनी हे सारे कागद घरात असले तर अशा वेळी पंधरा मिनिटांचे काम असते, आणि ते फक्त मुलाच्या मोबाइलमध्ये असले तर घरच्यांनी कोणाचे दार ठोठवावे? परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर विद्यार्थ्यांची नोंदणी करता येते. ती झाली आहे की नाही हे पालकांनी विचारून घ्यावे. एकाच ॲपवर विसंबणेही बरे नाही. रशियाने ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या कॉलवर निर्बंध आणले, चीनमध्ये तर व्हॉट्सॲप कित्येक वर्षांपासून बंद आहे.

आणखी एक गोष्ट, किरकोळ वाटते पण फार छळते. मुलाचे भारतातले सिमकार्ड घरी कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये घातलेले असते, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. वेळेवर रिचार्ज केले नाही तर ते बंद पडते आणि मुलाचे खाते अडकते. त्याच फोनवर कधीतरी ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडले आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असाही फोन येतो. असा फोन आल्यास आधी मुलाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन लावावा, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. ज्या घरात एरवी खरे बोलण्याची सवय आहे, तेथे असे भामटे फारसे टिकत नाहीत. जेथे मुलाचे खरे काय चालले आहे हे कोणालाच ठाऊक नसते, तेथे बाप घाबरून थेट बँकेत जातो.

संपादक महोदय, माझी विनंती लहान आहे. पुढच्या हंगामात सत्काराच्या बातम्या छापाल तेव्हा त्याच पानावर त्या त्या देशाच्या घड्याळाचा फरक, तेथील भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, ‘मदद’ नोंदणीची माहिती आणि १९३० हा क्रमांक एका चौकटीत द्यावा. आणि जमल्यास, परदेशातून एखादे सत्र गमावून परत आलेल्या किंवा पुन्हा उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलाची वा मुलीची मुलाखतही, त्यांची तयारी असेल तर, सत्काराच्या बातमीइतकीच मोठी छापावी.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ