इंजिन बदललेल्या जीपच्या सायलेन्सर लाइनची सदोष बसवणी : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
एक्झॉस्ट फॅब्रिकेशन विभाग

महोदय,

माझ्या एमएम ५४० जीपमधलं जुनं प्यूजो डिझेल इंजिन काढून तिथे २५२३ सीसीचं डीआय टर्बो बसवलं आहे. आरटीओची परवानगी आहे, आरसीवर नोंदही आहे. टर्बोपासून (धुराच्या जोरावर इंजिनात हवा भरणाऱ्या भागापासून) मागच्या टोकापर्यंतची सायलेन्सर लाइन, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, आपल्याकडून करून घेतली. एक पावसाळा संपायच्या आत ती टर्बोच्या फ्लँजखाली (बोल्टने जोडायच्या कडेखाली) तडकली. तक्रार केली तर आपल्या माणसांनी गाडी न बघता फोनवरच सांगितलं, ‘गगनबावड्याचा रस्ता खराब आहे, वॉरंटीत बसत नाही.’ हे मला अजिबात मान्य नाही.

रस्त्यामुळे मोडला असता तर पाइप खालून चेपला असता, ओरखडे दिसले असते. तसं कुठेच नाही. तडा वरच्या बाजूला, वेल्डिंगच्या अगदी कडेने चंद्रकोरीसारखा गेला आहे आणि समोर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) काजळीचा पट्टा उठला आहे. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातल्या घातल्या विचारलं, “बेलो कुठाय?”

बेलो म्हणजे पाइपमधला लवचिक जोड; तो नसणं हीच खरी चूक आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर आहे. चालू-बंद करताना, चढावर क्लच सोडताना ते हलतं आणि हलायलाच पाहिजे. आपण मात्र गिअरबॉक्सच्या मागे पाइप पट्टी आणि यू-बोल्टने थेट चॅसीला आवळला. मध्ये फ्लेक्स बेलो नाही, मागे पाइप लटकवणारा एकही रबरी हँगर नाही. एक टोक हलतंय, दुसरं जखडलेलं, मग ताण वेल्डिंगवरच येणार. शिवाय ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील तापलं की दर १०० अंशांना मीटरमागे सुमारे १.७ मिलिमीटर वाढतं. दोन मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर सेंटिमीटरभर वाढ होते. ती वाढ सामावायला आपण जागाच ठेवलेली नाही. पुढच्या पाइपचा सगळा भारही टर्बोवर लटकतोय, गिअरबॉक्सवरून एक ब्रॅकेटसुद्धा दिलेला नाही. उद्या टर्बोचं हाउसिंग तडकलं तर तो खर्च कोणी करायचा?

बिलावर ३०४ लिहिलं आहे. त्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, पण मागच्या पाइपच्या सरळ भागाला लोहचुंबक घट्ट चिकटतं. वाकवलेल्या जागी थोडंफार चिकटलं असतं तर समजू शकलो असतो. याचा खुलासा करावा. ब्रेकची नळी पाइपपासून बोटभरही लांब नाही आणि मध्ये हीट शील्ड नाही, हेही गंभीर आहे.

पैशांपेक्षा मला धुराची काळजी जास्त आहे. पावसात जीपचं कापडी हूड लावलं की तड्यातून निघालेला धूर गिअर लिव्हरच्या फटीतून आत येतो. मागच्या सीटवर घरातली मुलं असतात. म्हणून गाडी सध्या उभीच ठेवली आहे.

इथल्या शिरोली, गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांतून देशभर कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) जातं. अशा गावात एवढं काम नीट होऊ शकत नाही, असं मी मानत नाही. तडकलेल्या वेल्डिंगवर पुन्हा वेल्डिंग मारून दिलेलं मला चालणार नाही. टर्बोनंतर लगेच चांगल्या प्रतीचा बेलो, त्याच्या आधी गिअरबॉक्सवर आधार, बेलोच्या मागे सगळीकडे रबरी हँगर, पाइपच्या आतून आर्गॉन वायू सोडून (आतली बाजू जळू नये म्हणून) केलेलं टिग वेल्डिंग आणि ब्रेकच्या नळीजवळ शील्ड, एवढं आपल्या खर्चाने करून द्यावं. जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. तड्याचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पाइप अजून उतरवलेला नाही. आपला जाणकार माणूस पाठवून आधी तो आहे त्या स्थितीत बघून घ्यावा.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर