गृहमंत्र्यांना खुले पत्र : मानवी तस्करीतला पैसा जप्त करा

माननीय गृहमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मानवी तस्करीविषयी सरकारी निवेदने बहुधा छाप्यांच्या आकड्यांनी सुरू होतात आणि त्याच आकड्यांवर संपतात : किती ठिकाणी छापे घातले, किती स्त्रियांची सुटका केली, किती दलाल पकडले. तस्करांची किती मालमत्ता जप्त झाली आणि तिच्यातले किती पैसे पीडितांच्या हाती पडले, हा रकाना मात्र त्यांत सापडत नाही. तो रकाना भरून मागण्यासाठी हे पत्र आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार खासगी व्यक्ती आणि व्यावसायिकांनी लादलेल्या सक्तीच्या श्रमांतून जगभरात वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा उकळला जातो. या श्रमांत अडकलेल्यांपैकी लैंगिक शोषण सोसणाऱ्यांचे प्रमाण २७ टक्के आहे, पण नफ्यातला सुमारे ७३ टक्के वाटा त्यांच्या जिवावर मिळवलेला असतो. इतक्या किफायतीच्या धंद्यात एखादा दलाल तुरुंगात गेला, तर मालक ते खर्चात धरतो, आणि जागा व माणसे बदलून धंदा पुन्हा उभा करतो.

हा धंदा चालतो तो मुख्यतः कर्जावर. प्रवास, कागदपत्रे, खोलीचे भाडे, कपडे, औषधपाणी, शिवाय मालकाने मनाला येईल तसा लावलेला दंड, असे सगळे धंद्यात अडकवलेल्या स्त्रीच्या नावावर मांडले जाते. पारपत्र मालकाच्या कपाटात राहते, आणि हिशेबाची वही तिला कधी दाखवली जात नाही. अशा स्त्रीला छाप्यानंतर पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तू स्वखुशीने आलीस ना?’ संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००० साली स्वीकारलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलने, म्हणजे मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय कराराने, हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे : बळजबरी, फसवणूक किंवा अगतिकतेचा गैरफायदा घेतलेला असेल, तर पीडितेच्या संमतीला अर्थ उरत नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर ही साधने वापरल्याचे सिद्ध करण्याचीही गरज नाही.

देहविक्रयाच्या कायद्यावरून जगात दोन तट आहेत, हे मी जाणून आहे. स्वीडनने १९९९ मध्ये ग्राहकाला गुन्हेगार ठरवले आणि २०१६ मध्ये फ्रान्सनेही तोच मार्ग धरला. न्यूझीलंडने मात्र २००३ मध्ये हा व्यवसाय गुन्हेगारी कायद्यातून बाहेर काढला. माझा कल ग्राहकाला जबाबदार धरण्याकडे आहे, परंतु तो वाद मिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. स्वीडन आणि न्यूझीलंड या दोन टोकांच्या कायद्यांतही देह विकल्याबद्दल स्त्रीला शिक्षा करायची नाही, हे मूळ सूत्र एकच आहे. निदान तेवढे तरी आपण येत्या अधिवेशनात कायद्यात आणावे.

त्यासोबत पीडितेला मिळणारे संरक्षण तिच्या साक्षीपासून वेगळे करावे. युरोप परिषदेच्या २००५ च्या करारात बेकायदा वास्तव्य असलेल्या पीडितेला सावरण्यासाठी व विचार करण्यासाठी किमान तीस दिवस दिले आहेत, आणि साक्ष देण्याची तयारी ही मदतीची अट असू नये, असे म्हटले आहे. ज्या बाईला उद्या परत पाठवणी होण्याची भीती आहे, ती आज मालकाचे नाव सांगणार नाही. तपास अधिकाऱ्यांना हे कळते, कायद्याला अजून कळायचे आहे.

माझी मुख्य मागणी पुन्हा पैशाचीच आहे. प्रत्येक गुन्ह्यात पहिल्या दिवसापासून आर्थिक तपास सुरू व्हावा. जागेचा मालक कोण, भाडे कोणत्या खात्यात जाते, जाहिरातीचे पैसे कोणी भरले, हे आरोपपत्रात यावे, आणि जप्त रकमेवर पहिला हक्क पीडितेचा असावा. या कामावर देखरेखीसाठी नेदरलँड्सने २००० साली नेमला तसा स्वतंत्र राष्ट्रीय प्रतिवेदक नेमून त्याचा अहवाल थेट संसदेत मांडला जावा. (खात्यांतर्गत समित्यांच्या अहवालांचे पुढे काय होते, ते आपण माझ्याहून अधिक जाणता.)

गेल्या पाच वर्षांत तस्करांकडून किती मालमत्ता जप्त झाली आणि त्यातली किती पीडितांना मिळाली, याचे वर्षवार उत्तर आपण सभागृहात द्यावे, ही विनंती. उत्तर शून्य असेल, तर तेही इतिवृत्तात नोंदले जावे.

आपला विश्वासू,
एक नागरिक