दोन तास आधी

नाशिक, गुरुवार रात्र

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुमच्या वर्गातल्या कोड्याबद्दल विचारलंस आणि मी "आधी जेवून घे" म्हणून टाळलं. आई ऐकत होती. म्हणाली, तिला उत्तर हवंय, तुम्ही तिला पोळी कसली वाढताय! म्हणून हे पत्र.

तुमचं ते ट्रॉलीचं कोडं मला कळलं. सुटलेली ट्रॉली, रुळावर पाच माणसं, दुसऱ्या रुळावर एक, आणि सांधा बदलायचा खटका आपल्या हातात. मूळ कोडं फिलिपा फूट या बाईंनी १९६७ साली मांडलेलं. वर्गात बहुतेकांनी खटका ओढायला हात वर केले. मग सरांनी विचारलं, पुलावरच्या एका जाड्या माणसाला खाली ढकलून ट्रॉली थांबवाल का, तर तेच हात खाली आले. हिशेब तोच, मग हात का खाली आले, हे तुला हवंय.

माझी नोकरी धरणांवर गेली. आमच्याकडे खटका नव्हता, दरवाजे होते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की धरण टिकत नाही, मग खालची गावंच्या गावं जातात. म्हणून पातळी वाढली की दरवाजे उचलायचे. ते पाणी कुणाच्या तरी शेतात जाणार, हे उचलणाऱ्याला माहीत असतं. गंगापूर आणि दारणा धरणांचा विसर्ग वाढला की गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीच्या लोकांना कोडं घालावं लागत नाही, त्यांच्या ओट्याला पाणी लागतं.

तू तेव्हा दुसरीत होतीस. मी एका लहान धरणावर होतो, नाव सांगत नाही. संध्याकाळपासून आवक वाढत होती. नियमाप्रमाणे तेव्हाच थोडं थोडं सोडायला हवं होतं. पण खाली सोयाबीन काढणीला आलेलं, आणि मला वाटत राहिलं की पाऊस आता उघडेल, मग उघडेल. दहा वाजता उघडला नाही, बारालाही नाही. शेवटी एकदम सोडावं लागलं. भोंगा वाजवला, तोपर्यंत पाणी निघालंच होतं. माणूस कुणी गेलं नाही. एका शेतकऱ्याची मोटर, पाइप आणि गोठ्यातली गाय गेली. गाय दाव्याला बांधलेली होती.

आठ दिवसांनी तो ऑफिसात आला. मी मनाशी उत्तर घोकून ठेवलं होतं: धरण फुटलं असतं तर तुमच्यासकट चार गावं गेली असती. खोटं नव्हतं ते. त्याने ते विचारलंच नाही. टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "साहेब, सोडायचं तर सोडा. दोन तास आधी का नाही सांगितलं? दावं तरी कापलं असतं."

मी त्याला चहा पाजला. दुसरं काही सुचलं नाही.

आता असाच हिशेब विदुराचा. भूसंपादनाच्या बैठकांत साहेब लोकांना एक श्लोक फार आवडायचा, "त्यजेदेकं कुलस्यार्थे", कुळासाठी एकाला सोडावं, गावासाठी कुळाला. समोर धरणग्रस्त बसलेले असायचे. इगतपुरीकडे वैतरणेच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींवर आज मुंबईचे नळ चालतात, तेव्हा श्लोक अगदीच खोटा म्हणवत नाही. पण महाभारतात तो कुणाला सांगितलाय बघ. दुर्योधन जन्मला, कोल्हे ओरडले, आणि विदुर धृतराष्ट्राला म्हणाला, हा एक टाक, नव्याण्णव राहू देत. म्हणजे सोडायचा तो राजाचा स्वतःचा मुलगा. आमच्या बैठकीत तो 'एक' कधीच बोलणाऱ्याच्या घरातला नसे.

आणि तरी, विदुराचा हिशेब पुढे खरा ठरला ना? शंभरही गेले. सगळे धृतराष्ट्राला आंधळा म्हणतात. मला मात्र त्या दिवशीचा बाप दिसतो. एका दिवसाचं पोर, त्याने अजून काही केलेलं नाही, आणि पुरावा काय, तर कोल्हेकुई. तू जन्मलीस त्या रात्री मला कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. विदुर असला तरी.

माझा तुमच्या कोड्यावरचा राग इथेच आहे. त्यात सगळं आधीच पक्कं असतं, पाच मरणार म्हणजे मरणारच. धरणावर मला कधीच काही पक्कं ठाऊक नव्हतं. तू सांगितलेला मिग्नोनेट जहाजाचा खटलाही तसाच. १८८४ साली होडीत उपाशी चौघे, त्यातल्या सतरा वर्षांच्या आजारी पोराला मारून बाकीचे जगले. चिठ्ठ्याही टाकल्या नाहीत, सगळ्यात दुबळा तोच सापडला. चार-पाच दिवसांत दुसरं जहाज आलं. कदाचित त्याच्याशिवाय ते तगले नसते, कदाचित तगलेही असते. कोर्टाने फाशी सुनावली, नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मला दोन्ही पटतं, हसू नकोस.

तर माझं उत्तर: मी दरवाजा उचलीन. पुन्हा वेळ आली तरी उचलीन. पुलावरून कुणाला ढकलणार नाही, कारण पाणी त्याच्या वाटेने जातं, तो माणूस मात्र माझ्या हातातून जातो. या फरकाला कायद्यात काय म्हणतात ते तू सांग. पण दरवाजा उचलला म्हणजे मी बरोबर ठरलो, असं मी त्या शेतकऱ्यासमोर बसून म्हणू शकलो नाही. आजही म्हणता येत नाही. तुमच्या कोड्यात त्या एकाला कुणी हाक का मारत नाही, हे सरांना विचार.

काल रात्री त्र्यंबकला पावसाचा जोर होता. विसर्ग वाढवणार म्हणून दुपारीच घाटावर गाडी फिरून सूचना देऊन गेली. संध्याकाळी मी चालत जाऊन आलो. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलंय. फूलवाल्यांनी टपऱ्या वर ओढून दोराने खांबाला बांधल्यात, आणि एक म्हातारी शेवटची टोपली उचलायला कुणी येतंय का बघत उभी होती. मी उचलून दिली. चांगली जड होती.

तुझा,
बाबा