सिस्टरच्या शंकेला केसपेपरवर जागा द्या

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात आहात, म्हणून लिहिते. मी इथे लहान मुलांच्या वॉर्डात अधिपरिचारिका आहे. थंडी पडली की गरम पाण्याने भाजलेली लेकरं येऊ लागतात. बहुतेक वेळा तो खरोखरच अपघात असतो.

मागच्या हिवाळ्यात तीन वर्षांची एक पोरगी आली. ‘खेळता खेळता बादलीत पाय गेले,’ असं घरच्यांनी सांगितलं. ड्रेसिंग करताना पाहिलं, तर दोन्ही पाय घोट्याच्या वर एकाच रेषेपर्यंत भाजलेले, मोजे घातल्यासारखे. वर एक शिंतोडा नाही. मूल स्वतःहून पाण्यात गेलं तर पाय झाडतं, पाणी उडतं, खुणा वेड्यावाकड्या उमटतात. हिचे पाय कुणीतरी धरून ठेवले होते, असं मला वाटलं. कानामागे जुना वळही होता. ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते एकटे अख्खा वॉर्ड सांभाळत होते, त्यांना मी दोष देत नाही. कागदावर ‘अपघाताने भाजले’ असं लिहिलं गेलं आणि पाचव्या दिवशी सुट्टी झाली. 1098 या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन मीही केला नाही. नातेवाईक वॉर्डात धावून येतील, ही भीती. ते मला आजही छळतं.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची नुसती शंका आली तरी पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला तिथे संरक्षणही आहे. मारहाणीला, चटक्यांना बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 लागतं, पण वॉर्डातल्या सिस्टरने काय करायचं ते त्यात नाही. लेकराचं अंग पुसणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या, रात्री बाप आला की ते कसं एकदम गप्प होतं हे बघणाऱ्या आम्हीच. राउंडच्या दोन मिनिटांत हे दिसत नाही.

नर्सिंग नोट्समध्ये अशी शंका नोंदवण्याचा लेखी अधिकार आम्हाला द्या. नोंद झाली की समाजसेवा अधीक्षकांनी त्याच दिवशी घरच्यांशी बोलावं, बालकल्याण समितीला कळवावं, आणि तोवर डिस्चार्ज होऊ नये. सिस्टरचं नाव नातेवाइकांपर्यंत जाऊ नये. प्रशिक्षणही हवंच. बाळाच्या पाठीवरचा प्रत्येक निळा डाग माराचा नसतो, जन्मखूणही असते, आणि एखाद्या आईवर उगाच आळ येता कामा नये.

अधिवेशन संपायच्या आत परिपत्रक काढा. थंडी अजून दोन महिने आहे.

आपली,
एक अधिपरिचारिका, नागपूर